वाघमोडेबाई आणि रिबिनीचे फायदे

मूर्खपणा माणसानं गुपचूप करावा. मी माझा सगळ्यात मोठा मूर्खपणा भरसभेत, माइक हातात घेऊन केला आणि वर टाळ्या घेतल्या. टाळ्या पडल्या की मूर्खपणा ओळखू यायला वेळ लागतो. मला वर्ष लागलं.

झालं असं, की मुलींनी रिदमिक जिम्नॅस्टिक्स खेळल्यानं काय काय फायदे होतात, यावर मी गावभरच्या बायांसमोर बोलले. मी शाळेत शिवण शिकवायची. या खेळाविषयी मला एवढंच ठाऊक होतं की त्यात लांबलचक रिबीन लागते, कारण ती मी शिवून दिली होती. नवरदेवाचा कोट शिवणाऱ्यानं संसारावर व्याख्यान द्यावं, तशातला प्रकार.

हे आत्ता आठवलं ते नातीमुळं. ती पुण्यात या खेळाच्या क्लासला जाते. सुनेनं क्लासचं माहितीपत्रक माझ्या हातात दिलं. त्यात ‘मुलींसाठी फायदे’ असं ठळक लिहून खाली ओळी होत्या : अंग लवचीक होतं, पाठ ताठ राहते, एकाग्रता वाढते, आत्मविश्वास येतो. वाचता वाचता मला हसू फुटलं. सून म्हणाली, काय झालं आई? म्हटलं, काही नाही, यातलं एक कलम राहिलंय. कोणतं ते तिला सांगितलं नाही. सुनेला सगळंच सांगायचं नसतं. पण तुम्हांला सांगते, आणि ते सांगायचं तर आधी वाघमोडेबाई सांगाव्या लागतील.

नव्वदनंतरची ती वर्षं. आमचं हायस्कूल इंदापूर तालुक्यात, कळसच्या पुढं. मी बारामतीहून रोज एस.टी.नं जायची. एका जूनमध्ये खेळाच्या नव्या बाई आल्या. आडनाव वाघमोडे आणि आवाज असा, की पहिल्या बाकावरच्या पोरींनी तो ऐकून मागच्यांना सांगायचा. उंच, सडसडीत, मोरगावकडच्या जिराईत गावातल्या. घरी शेळ्या होत्या, त्यांच्यामागं पळतच मोठी झाले, असं त्या स्वतःच सांगत. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या लग्नाबद्दल बरीच कुजबूज चाले. झालं होतं म्हणत, मोडलं म्हणत, झालंच नाही असंही म्हणत. मी प्रत्येक गटात सामील होते. बाईंना मात्र कुणी कधी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तेव्हा शिक्षिकांनी साडीच नेसायची असा दंडक होता. वाघमोडेबाई साडी नेसत, पण खाली कॅनव्हासचे पांढरे बूट घालत. मुख्याध्यापक म्हणाले, साडीवर हे बूट बरे दिसत नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बाई अनवाणी यायला लागल्या. भर उन्हात तापलेल्या मैदानावर अनवाणी. आठवडाभरात मुख्याध्यापकच म्हणाले, बाई, ते तुमचे बूट कुठं गेले? भांडण न करता जिंकायची ही त्यांची रीत. मी आयुष्यभर भांडून इतकं कधी जिंकले नाही.

एस.टी.त त्या बसत नसत. जागा रिकामी असली तरी दांड्याला न धरता, टाचा किंचित उचलून उभ्या. कंडक्टर ओरडायचा, बाई, पडाल, मग माझ्या नावानं बोंब माराल. त्या म्हणायच्या, ह्या रस्त्यासारखी तालीम दुसरीकडं कुठं मिळायची न्हाय. आणि खरंच, गचके खात, साडीचा काठसुद्धा न हलू देता त्या बारामती गाठायच्या. मी शेजारच्या सीटवर बसून, माझ्या वयाला साजेशा कमरेच्या दुखण्याविषयी बोलत असायची. माझं वय तेव्हा चाळीस. अक्कल त्याहून बरीच लहान.

एका दुपारी त्या शिवणाच्या खोलीत आल्या आणि साटीनच्या पट्ट्या एकमेकींना जोडून मागितल्या. किती लांब म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, खोलीच्या ह्या टोकापास्नं त्या टोकाला पुरंल एवढी. मी म्हटलं, एवढी लांब वेणी कुणाची हो? त्या हसल्या नाहीत. मी मशीनवर जोडून दिली. त्यांनी तिचं एक टोक काडीला बांधलं, पदर खोचला, व्हरांड्यात गेल्या आणि मनगट फिरवलं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. ती रिबीन आधी सापासारखी जमिनीवरून गेली, मग वर उठली, तिचे वाटोळे वाटोळे वेढे झाले आणि त्या वेढ्यांतून बाई साडीसकट पलीकडं निघाल्या. घंटा वाजवायला निघालेला शिपाई घंटा विसरला. सातवीचा गणिताचा तास त्या दिवशी लांबला. मी दारात कात्री घेऊन उभी होते. तोंड उघडं होतं, असं पोरी नंतर म्हणत.

पुण्याला शारीरिक शिक्षणाचा कोर्स करताना त्यांनी हा खेळ पहिल्यांदा पाहिला होता. तेव्हा त्यांचं वय उलटून गेलं होतं. हा खेळ लहानपणीच अंगात उतरावा लागतो. ते सांगताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला. माझं झालं ते झालं, म्हणाल्या, पण आपल्या भागातली एक तरी पोरगी मला ह्यात पार टोकाला गेलेली बघायचीय. एक तरी. त्यांना एवढंच हवं होतं. बढती नको, बक्षीस नको.

सामान कुठून आणायचं? रिंगा त्यांनी ठिबकच्या जुन्या नळीच्या केल्या. डाळिंबाच्या बागेतून टाकून दिलेली काळी नळी मागून आणायच्या आणि दोन्ही टोकं जोडून वाटोळी करायच्या. गादी नव्हती, म्हणून धनगरवाड्यावरून जुनी घोंगडी आणून हॉलमध्ये पसरली. ती पोरींच्या कोपरांना अशी टोचायची, की पडावंसं कुणाला वाटायचंच नाही. तरी पहिला महिना बाईंनी पडणंच शिकवलं. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, पडायची लाज गेली की उभं राहणं सोपं हाय. दुसरं वाक्य हातांबद्दल. हात बोटांपाशी संपवू नका, म्हणायच्या, त्याच्याही पुढं थोडा न्या. पोरींना ते कळायचं. मला अजून कळायचंय.

या पोरींत एक सारिका होती. तिच्या घरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन हिंडायची. वडलांच्या काळात पाणी आलं, बागायत झाली, मेंढरं गेली. पोरगी काटक, काळीसावळी, आठवीतली. ती रिंग वर फेकायची आणि तिकडं न बघता झेलायची. वाघमोडेबाई तिला कधी शाबास म्हणत नसत. फक्त पिशवीतल्या गूळ-शेंगदाण्यांतली तिची मूठ जरा मोठी असायची. बाकीच्या पोरी ते बरोबर ओळखायच्या.

दुसऱ्या वर्षी गावात कुरकुर सुरू झाली. पोरींना कोलांट्या मारायला लावतात, उद्या डोंबाऱ्याच्या खेळात घालतील, वगैरे. एकेक पोरगी गळायला लागली. मुख्याध्यापक म्हणाले, आयांना पटवा, नाहीतर हे बंद करू. पण सभेला बोलावलं तर आया येत नाहीत. मग माझ्याच सुपीक डोक्यातून निघालं : संक्रांतीला शाळेतच हळदीकुंकू ठेवू. वाण म्हटलं की बाया येतात. आल्या. हॉल भरला, तिळगूळ झाला आणि बाईंनी त्यांच्या त्या आवाजात खेळाविषयी चार शब्द सांगितले.

पुढं सारिकाची आजी बसली होती, धोंडाबाई. हिरवं लुगडं, नाकात फुली. तिनं सरळ विचारलं, “ते समदं खरं, पर ह्याचा फायदा काय?”

वाघमोडेबाईंनी विचार केला. प्रामाणिक माणूस उत्तरापूर्वी विचार करतो, तिथंच त्याचं नुकसान होतं. म्हणाल्या, “फायदा असा सांगता यायचा न्हाय, आज्जी. पोरगी खेळंल, तिला बरं वाटंल.”

बाया वाणाच्या वाट्या पिशवीत टाकायला लागल्या. आता सगळं बुडतंय हे मला दिसलं. आणि माझी ही जीभ! मी उठले, माइक घेतला आणि सुरू झाले. म्हटलं, बायांनो, ह्यानं पाठ ताठ होते, जन्मात दुखत नाही. उंची वाढते. कंबर बारीक राहते. चाल अशी सुधारते, की बघायला आलेले पाहुणे पोह्यांची बशी ठेवायच्या आत पसंती सांगतील. बायका हसायला लागल्या. हसल्या की मला चढतं. मग मी आवाज खाली आणून, खाजगीतलं सांगावं तसं सांगितलं, की आणि हो, अशा पोरीचं बाळंतपण सोपं जातं. टाळ्या पडल्या. धोंडाबाईनं मान हलवली.

त्या आठवड्यात पोरी दुपटीनं आल्या. घोंगडी कमी पडली. मी शाळेत कॉलर ताठ करून हिंडत होते. पोलक्याला कॉलर नसते, पण तरी. एकदा एस.टी.तून उतरताना वाघमोडेबाई म्हणाल्या, तुमी लई चांगलं बोलता. ते कौतुक होतं असं मी पुष्कळ दिवस समजत होते.

पुढच्या दिवाळीनंतर बारामतीला स्पर्धा होत्या. सारिका तेव्हा दहावीत. बाकीच्या पोरी चकचकीत पोशाखात, आईबापांसोबत गाडीतून आलेल्या. आमची ठिबकच्या नळीवाली. माझ्या शिलाईची रिबीन घेऊन ती उतरली. मधेच रिबीन पायात आली आणि ती पडली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा टाळ्या चालू होत्या. पडता पडता तिनं लोळण घेतली होती, आणि ती बसवलेलीच आहे असं परीक्षकांना वाटलं होतं. पहिली आली. मे महिन्यातल्या पुण्याच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. त्या शिबिरातून राज्याचा संघ काढणार होते. वाघमोडेबाई हॉलच्या बाहेर गेल्या आणि नळावर बराच वेळ तोंड धूत राहिल्या. एवढा वेळ कुणी तोंड धुवत नाही.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. सारिकाचे आजोबा, आबा, पटका बांधून पहिल्या रांगेत. त्यांनी तरुणपणी धनगरांच्या गजी नाचात ढोलाच्या तालावर रुमाल उडवलेले. नातीची रिबीन बघून ते शेजारच्याला ऐकू जाईल असं बोलले, “ही तर आमची गजीच हाय की. नुसता रुमाल लांब झालाय.” बाईंना ते वाक्य इतकं आवडलं, की आठवडाभर त्या ज्याला त्याला सांगत होत्या.

पण त्या रात्री आबांच्या मागच्या रांगेत बावडा गावाहून आलेले कुणाचे तरी पाहुणे बसले होते. त्यांनीही रिबीन बघितली. रिबीन बघितली म्हणजे पोरगी बघितली.

पंधरवड्यानं धोंडाबाई पेढे घेऊन शिवणाच्या खोलीत आली. सारिकाचं बावड्याला जमलं होतं. मुलाकडची मोठी बागायत, घरचा ट्रॅक्टर. दहावीचा पेपर झाला की लग्न. माझ्या हातावर पेढा ठेवून म्हणाली, “बाई, तुमचं बोलणं खरं झालं बगा. चालीवरच पसंत केली. आन बाळतपणाचं मी त्यास्नी सांगितलं, तवा तर त्यांनी हुंड्याचं बी मनावर घेतलं न्हाय.”

पेढा माझ्या हातातच राहिला. सुनेला न सांगितलेलं कलम ते हे : लग्न लवकर जमतं.

वाघमोडेबाईंना मीच सांगितलं. त्या रिंगा भिंतीला लावत होत्या. शेवटची रिंग लावून झाल्यावर म्हणाल्या, जाऊन येऊ या. आम्ही मुख्याध्यापकांकडं गेलो. ते म्हणाले, आपण शाळा चालवावी, गाव चालवायला गेलो तर शाळाही हातची जाईल. पोलीस पाटलाकडं गेलो. पोरीचं वय कायद्यात बसत नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि अगदी नम्रपणे सांगितलं, की सुपारी फोडायला तो स्वतःच होता. सगळीकडं आम्हांला चहा मिळाला. त्या महिन्यात मी जेवढा चहा प्याले, तेवढा जन्मात प्याले नसेन.

शेवटी सारिकाच्या घरी गेलो. वस्ती मळ्यात होती. अंगणात ढोबळी मिरचीच्या ढिगाशी बसून सारिका मिरची निवडत होती. आम्हांला बघून उठली आणि आत गेली. वडील चांगला माणूस. हात जोडून म्हणाले, बाई, पोरीचं सोनं झालं तुमच्यामुळं. मी म्हटलं, निदान मे महिन्याचं शिबिर होऊ द्या, लग्न दिवाळीनंतर करा. ते म्हणाले, तिकडची मंडळी थांबायची न्हाईत, आन सासरी गेल्यावर खेळंल की. सासरी कोण रिंग फेकू देतं हे त्यांनाही माहीत होतं, मलाही.

धोंडाबाई बोटांवर मोजायला लागली. “पाठ दुकत न्हाय, म्हनलावता. चाल सुधारती, म्हनलावता. बाळतपण सोपं जातं, म्हनलावता. आमी तुमचं ऐकलं. मग आता नगं का म्हनता?”

यावर बोलायचं काय? पण मी कसली गप्प बसते. मी दुसरी थाप मारली. म्हटलं, अहो, हा खेळ विशीपर्यंत खेळला तरच फायदा, मधेच सोडला तर उलट पाठ धरते. धोंडाबाई माझ्याकडं बघत राहिली. मग फुलीखालून हसली. “आता व्हय?” एवढंच म्हणाली. खेड्यातली म्हातारी पहिल्या थापेला फसते, दुसरीला नाही.

वाघमोडेबाईंनी वडलांना एकच विचारलं, “पोरीला विचारलंत का?”

“तिला काय इचारायचं? तिच्या चांगल्याचंच हाय.”

कोपऱ्यात आबा बसले होते. ते कुणाकडंही न बघता म्हणाले, “मेंढरं हुती तवा पोरी बी आमच्यासंगं रानोमाळ हिंडायच्या. घर बांधलं आन त्यास्नी दार आलं.” त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. त्या घरात आता त्यांचा शब्द चालत नव्हता. मग आमचा कुठला चालणार?

निघालो तेव्हा सारिका बांधापर्यंत आली. मला वाटलं, रडेल, बाईंच्या गळ्यात पडेल. तसं काही झालं नाही. पायाच्या अंगठ्यानं ढेकूळ फोडत ती म्हणाली, “बाई, तुमी परत येऊ नका. तुमी आला की मला वाटाया लागतंय, जमंल म्हणून.”

त्यानंतर आम्ही गेलो नाही.

लग्न एप्रिलमध्ये झालं. सारिका पुढं चांगली नांदली, असं ऐकलं. सासू बरी निघाली, नवरा बरा निघाला, पोरं झाली. बाळंतपण सोपं गेलं का, ते मी कुणाला विचारलं नाही. कुणी वाईट असतं, तर शिव्या देऊन मोकळी झाले असते. या गोष्टीत शिव्या द्यायला कुणी सापडत नाही, आणि जी सापडते तिचा चेहरा मला रोज आरशात बघावा लागतो.

वाघमोडेबाई आणखी काही वर्षं शाळेत होत्या, मग बदली होऊन गेल्या. पुढं भेट नाही. पण माझ्या डोळ्यांपुढं त्या कायम त्या लग्नातल्याच येतात. मांडव मळ्यातच घातला होता. लाउडस्पीकर कोकलत होता. पाटावर सारिका ताठ उभी. मान खाली घाल, मान खाली घाल, म्हणून मागनं बायका तिला ढोसत होत्या, आणि ती घालायची, पण पुन्हा हळूहळू मान वर यायची. तिचा दोष नव्हता. तीन वर्षांची सवय. पाहुण्यांतली एक बाई कौतुकानं म्हणाली, बघा, कशी समईसारखी उभी हाय. वाघमोडेबाईंनी ते ऐकलं. अक्षता टाकल्या, जेवल्या, आग्रह झाला तेव्हा जिलबीही वाढून घेतली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं.

मांडवाच्या मागं हात धुवायला गेलो. तिथं पाण्याच्या टाकीशी मी त्यांना म्हणाले, की बाई, माझं चुकलं, मी त्या दिवशी तोंड उघडायलाच नको होतं. मला वाटलं, त्या म्हणतील, जाऊ द्या. किंवा चिडतील, तेही चाललं असतं. त्यांनी पदराला हात पुसले. माझ्याकडं असं बघितलं, की जणू खरोखर माझाच सल्ला हवा होता, मी गावातली शहाणी बाई होते ना. आणि त्यांच्या त्या बारीक आवाजात, लाउडस्पीकरच्या खालून, त्यांनी मला विचारलं,

“जूनमध्ये आठवीच्या नव्या पोरी येतील, बाई, आन त्यांच्या आया फायदा विचारतील. ह्या खेळानं लग्न लांबतं, असं मी म्हणलं, तर त्यातली एक तरी पोरगी आपल्याकडं येईल का हो?”